पायरी साडेचार

टालिनमध्ये, कोपलीच्या जुन्या गोदीमागे,
चौथ्या मजल्यावरच्या फ्रिजवर
मासोळीच्या आकाराच्या चुंबकाखाली एक कागद.
अकरा पायऱ्या, उर्वेच्या अक्षरात.
दर गुरुवारी चार वाजता
ती त्याच्यासमोर उभी राहते, चष्मा कपाळावर सारून,
जसा काही सहा वर्षांत तो पाठ झालाच नाही.

आकडा वाढव. चार्ट तपास. गठ्ठा बांध.
सही कर. रजिस्ट्रीत ढकल. सूची नव्याने लिही.
मग रीगापासून ओउलूपर्यंत
कुणाकुणाच्या क्लस्टरवर तो गठ्ठा उलगडतो,
पॉड उठतात,
बंदरातली तिकीटयंत्रं डोळे चोळतात.
सुकाणू, नकाशा, कप्तान,
या धंद्यातले सगळे शब्द दर्यावरचे.
राइगोला तर पोहताही येत नाही.

नोव्हेंबरात एकदा उर्वेला ताप होता.
आकडा वाढवायचा राहिला.
३.१४.२ च्या जागी दुसराच ३.१४.२ जाऊन बसला,
पाटी तीच, घरात बिऱ्हाड वेगळं.
निम्म्या यंत्रांकडे जुना, निम्म्यांकडे नवा,
आणि विचारावं तर दोघांचंही उत्तर एकच,
दोघंही खरं बोलणारी.
पहाटे साडेपाचला कुणाच्या तरी लक्षात आलं.

तेव्हा ठरलं, आता हात नकोत.
टॅग लागला की पाइपलाइनने आपलं आपण करावं,
वापरलेला आकडा दिसला तर दारातच अडवावं.
काम उर्वेनेच मागून घेतलं.
"माझी खुर्ची आहे, मीच मोडते."

पहिल्या चार पायऱ्या दुपारच्या जेवणाआधी यंत्राच्या झाल्या.
मग चार आणि पाचच्या फटीत,
पेन्सिलीने, तिरकं, अर्धं पुसलेलं :
मार्टेनला विचार.

काय विचार?
मार्टेन नोकरी सोडून गेला त्याला तीन वर्षं झाली.
तेव्हापासून ही ओळ
ती नुसती डोळ्यांनी ओलांडत होती.

तो हियुमा बेटावर असतो आता,
माशांना धुरी देऊन विकतो.
फोनमध्ये वारा, एक कुत्रं, मग तो.
"मी? मी काहीच तपासायचो नाही.
तू यायचीस, मी मान वर न करता हो म्हणायचो.
पण दोन मजले उतरता उतरता
काय राहिलं ते तुझं तुलाच आठवायचं.
कितीदा तर दारातूनच परत फिरलीस."

फोन ठेवून ती जिन्यात गेली.
अडतीस पायऱ्या. मग तो लांबलचक व्हरांडा.
घड्याळ लावून, दुखरा गुडघा धरून :
नव्वद सेकंद.

पाइपलाइनच्या फायलीत,
गठ्ठा बांधणं आणि सही करणं यांच्या मध्ये,
तिने लिहिलं : नव्वद सेकंद काहीही करू नकोस.
रद्द करायचं बटण उघडं ठेव.
शेजारी टीप म्हणून एकच शब्द, 'जिना'.

राइगो म्हणाला, "हे कशाला? यंत्राला काय आठवणारे?"
"यंत्रासाठी नाहीये ते."

पहिला गुरुवार. टॅग लागला.
एकेक पायरी हिरवी होत गेली
आणि नव्वदपाशी सगळं थांबलं.
सात माणसं एका पडद्यासमोर,
हातांचं काय करायचं ते कुणालाच कळेना.
फ्रिज गुरगुरला.
खिडकीबाहेर हेलसिंकीची फेरी पाठमोरी सरकत होती.
साठ. चाळीस.
उर्वेने खिसे चाचपले, चष्मा डोळ्यांवर ओढला,
मनातल्या मनात सगळं उलटं तपासलं.
आकडा बरोबर. किल्ली बरोबर.
चार्टमध्ये काही राहिलं नव्हतं.

बारा सेकंद उरले असताना तिला आठवलं :
तू कसा आहेस,
हे मार्टेनला विचारलंच नाही.

ती फोन घेऊन जिन्याकडे निघाली.
मागे गठ्ठा गेला.
कुणी ढकलला नाही.